घटनेत शिकारीचा हक्क आला, म्हणून शेजाऱ्याला तुमच्या रानात शिरता येतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हांलाही तपासता येईल. तुम्ही मूळचे भंडाऱ्याचे, आता फ्लोरिडात ओकालाजवळ दहा एकर जागा घेऊन घर बांधलंय, एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहात. शेजारचे गृहस्थ हरणाच्या शिकारीला जातात. त्यांनी तुम्हांला सांगितलं की २०२४ मध्ये शिकार आणि मासेमारी हा राज्याच्या घटनेत हक्क म्हणून आलाय, तेव्हा जखमी हरीण तुमच्या रानात शिरलं तर ते बंदूक घेऊन मागोमाग येणार. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. त्यांना खरंच येता येतं का? मासेमारीला आता लायसन्स लागतं का, कारण पुढच्या महिन्यात तुमचे वडील येताहेत आणि त्यांना गळ टाकायची हौस आहे? आणि हा हक्क नागरिक नसलेल्या तुम्हांला लागू होतो का?

झटपट उत्तरं अशी. शेजारी तुमच्या परवानगीशिवाय येऊ शकत नाहीत. लायसन्स पूर्वीसारखंच लागतं. नागरिकत्वाचा अडसर मासेमारीला येत नाही. शिकारीला तो बंदुकीच्या वाटेनं येतो. पण एवढ्यावर सोडलं तर उद्या आणखी कुणी आणखी काही सांगेल आणि तुम्ही पुन्हा तिथंच याल. म्हणून कारणं सविस्तर लिहिते.

मी विस्कॉन्सिनमध्ये एकोणीस वर्षं वकिली करते. शेताच्या हद्दी, बांधावरची भांडणं, शिकार आणि मासेमारीचे दंड, रद्द झालेले परवाने, अशी कामं माझ्याकडे येतात. विस्कॉन्सिनच्या घटनेत असाच हक्क २००३ पासून आहे, त्यामुळे हा युक्तिवाद मी दोन्ही बाजूंनी केलाय. फ्लोरिडाच्या कोर्टात मी उभी राहत नाही, तेव्हा प्रकरण खरंच पेटलं तर तिथला वकील घ्या. आणखी एक सांगते. माझं बालपण मालवणजवळ गेलं. बाबांबरोबर खाडीच्या कडेला गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, बसायचे, ते आजही तळ्याकाठी बसले की आठवतं. हा विषय माझ्यासाठी निव्वळ पोटापाण्याचा नाही.

आपल्याकडून आलेल्या माणसाचा पहिला गोंधळ 'घटना' या शब्दापाशीच होतो. भारतात घटना म्हटली की एकच, आणि तिला हात लावायचा तर संसद लागते. इथं पन्नास राज्यांच्या पन्नास घटना आहेत, आणि देशाच्या घटनेपेक्षा त्या कितीतरी सहज बदलतात. फ्लोरिडात निवडणुकीच्या मतपत्रिकेवर प्रस्ताव ठेवला आणि ६० टक्के मतं मिळाली की दुरुस्ती झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती क्रमांक २ ला सुमारे ६७ टक्के मतं मिळाली आणि ती राज्यघटनेतल्या हक्कांच्या जाहीरनाम्यात २८ वं कलम म्हणून बसली. देशाच्या घटनेत असा हक्क नाही. माँटानात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी १९७६ मध्ये स्थानिकाला ९ डॉलर आणि बाहेरच्याला २२५ डॉलर पडायचे. त्याविरुद्ध बाहेरचे शिकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ मध्ये कोर्टानं सांगितलं की हौसेची शिकार ही देशाच्या घटनेनं जपावी अशी मूलभूत बाब नाही. म्हणजे हा हक्क लिहायचा तर राज्याच्याच घटनेत लिहावा लागतो.

आजवर २४ राज्यांनी तो लिहिलाय. सगळ्यांत जुना व्हरमाँटचा, १७७७ चा. इंग्लंडात रानातला ससा मारायचा मानसुद्धा जमीनदाराचा असे, गरिबानं मारला तर शिक्षा. ती आठवण ताजी असलेल्या लोकांनी पेनसिल्व्हेनियात १७७६ मध्ये लिहून ठेवलं की रहिवाशांना हंगामात स्वतःच्या आणि कुंपण नसलेल्या इतर जमिनींवर शिकारीची मोकळीक राहील. व्हरमाँटनं ते उचललं. पेनसिल्व्हेनियानं १७९० मध्ये गाळून टाकलं, व्हरमाँटमध्ये ते अजून उभं आहे. नंतर दोनशे वर्षांहून अधिक काळ इतर राज्यांना शिकारीचा हक्क घटनेत घालण्याची गरज वाटली नाही. मग १९९६ मध्ये अलाबामा, १९९८ मध्ये मिनेसोटा, २००० मध्ये नॉर्थ डकोटा आणि व्हर्जिनिया, आणि त्यानंतर रांगच लागली.

एकदम कशामुळे? हे कळलं की तुमच्या शेजाऱ्यांचा गैरसमज आपोआप सुटतो. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्युमाच्या शिकारीवर बंदी घातली. १९९२ मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी वसंतातली अस्वलाची शिकार आणि त्यासाठी आमिष व कुत्रे वापरणं बंद केलं. १९९४ मध्ये ओरेगॉन, १९९६ मध्ये वॉशिंग्टन आणि मॅसॅच्युसेट्स. कुठं कुत्र्यांवर, कुठं सापळ्यांवर, पण दरवेळी थेट मतपत्रिकेवरून. शहरातली मतं वाढत चालली होती आणि शिकारी कमी होत होते. ग्रामीण भागातल्या लोकांना दिसलं की आपली पद्धत एका मंगळवारी मतदानानं बंद होऊ शकते. तेव्हा त्यांनीही तीच वाट धरली: पुढचा प्रस्ताव यायच्या आत हक्क घटनेतच बसवून टाकायचा. त्यांची ती भीती मला खोटी वाटत नाही. माझे निम्मे अशील तिसऱ्या-चौथ्या पिढीचे शिकारी आहेत, हिवाळ्याचं मटण त्यांच्या फ्रीझरमध्ये हरणाचंच असतं. त्यांच्या हातून ते काढून घेण्याचा निर्णय कधी रानात न गेलेल्या माणसानं घ्यावा, हे त्यांना लागतं.

पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. हे कलम लिहिताना नजरेसमोर होता उद्याचा मतदार आणि उद्याचा आमदार. तुमचं कुंपण किंवा तपासणीला येणारा वॉर्डन, म्हणजे शिकार-मासेमारीचा निरीक्षक, कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

आता कलम वाचायचं कसं ते सांगते. माझी पद्धत अशी की अशी कलमं मी शेवटाकडून वाचते. पहिल्या अर्ध्या वाक्यात हक्क असतो, तो सगळ्या राज्यांत साधारण सारखाच. फरक असतो तो शेपटात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरणारे एक निवृत्त ट्रकचालक माझ्याकडे आले. वॉर्डनला त्यांच्या बादलीत एकतीस ब्लूगिल सापडले होते, दिवसाची मर्यादा पंचवीस. खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला, त्यावर आमच्या घटनेचं २६ वं कलम छापलेलं. इतक्यांदा उघडला होता की घडीवर तो फाटायला आला होता. मी त्यांना सांगितलं की याचा उपयोग होणार नाही, पण ते ऐकेनात, तेव्हा मी तो मुद्दा मांडला. न्यायाधीशबाईंनी कलम मोठ्यानं वाचायला घेतलं. मासे धरण्याचा, शिकार करण्याचा, सापळे लावण्याचा हक्क लोकांना आहे, इथवर आल्या, थांबल्या, चष्म्यावरून माझ्या अशिलाकडे बघितलं आणि उरलेलं वाचलं: फक्त कायद्यानं घातलेल्या वाजवी निर्बंधांना तो अधीन राहील. मग शांतपणे विचारलं, "पंचवीस ही मर्यादा वाजवी नाही, असं दाखवायला तुमच्याकडे काय आहे?" काहीच नव्हतं. दंड भरला.

त्या दिवशी आम्ही हरलो, तरी त्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे. शासनाला आता निर्बंध वाजवी का आहे याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. 'फक्त' आणि 'वाजवी' या दोन शब्दांचा एवढा उपयोग आहे. पंचवीस माशांच्या मर्यादेला उत्तर सोपं आहे: तळ्यात मासे उरायला हवेत. पण एखाद्या काउंटीनं उद्या सगळ्या तळ्यांवर विनाकारण बंदी घातली, तर त्यांना उत्तर देणं जड जाईल. त्यामुळे परवाना, हंगाम, मर्यादा, बंदुकीची जात, हे सगळं २४ च्या २४ राज्यांत तसंच चालू आहे.

मेन राज्यातलं प्रकरण याहून बोलकं आहे. तिथं २०२१ मध्ये 'अन्नाचा हक्क' घटनेत आला: आपल्या पसंतीचं अन्न पिकवणं, मिळवणं, खाणं. मेनमध्ये रविवारी शिकार बंद असते. एका जोडप्यानं दावा लावला की शिकार हे आमचं अन्न आहे आणि आठवडाभर कामात जातो, मग रविवारची बंदी आमच्या हक्कावर घाला घालते. ऐकायला मुद्दा बिनतोड वाटतो. पण कलमाच्या शेपटात चोरटी शिकार वगळलेली होती. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कायद्यानं बंद असलेल्या दिवशी केलेली शिकार ही चोरटी शिकारच, तेव्हा बंदी टिकते. सगळं प्रकरण त्या एका शब्दावर फिरलं.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण हे कलम अगदीच शोभेचं आहे असं तुम्हांला वाटायला नको. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं लांडग्यांचं संरक्षण काढलं. विस्कॉन्सिनच्या एका कायद्यानुसार संरक्षण नसेल तेव्हा लांडग्यांचा शिकार हंगाम ठेवावाच लागतो. वनखात्याला अभ्यास करून नोव्हेंबरपर्यंत थांबायचं होतं. हंटर नेशन नावाची शिकाऱ्यांची संघटना कोर्टात गेली. अर्जात त्या कायद्याबरोबर घटनेतलं २६ वं कलमही होतं. कोर्टानं हंगाम लगेच सुरू करायला सांगितलं. एकूण २०० लांडग्यांची मर्यादा ठरली, त्यातले ८१ करारानुसार ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी जमातींच्या वाट्याचे, उरलेले ११९ बाकीच्यांचे. २२ फेब्रुवारीला हंगाम उघडला. तीन दिवस पुरे व्हायच्या आत बंद करावा लागला, तोवर २१८ लांडगे मारले गेले होते. बहुतेक कुत्र्यांच्या मदतीनं, आणि तेही माद्यांच्या विणीच्या हंगामात. ओजिब्वे लोक लांडग्याला भाऊ मानतात. त्यांनी आपल्या वाट्याचा एकही मारायचा नाही असं ठरवलेलं होतं. त्या आठवड्यात मला आलेले फोन मी विसरलेले नाही, शिकारी अशिलांचेसुद्धा. त्यांतले एक म्हणाले, "असं व्हावं म्हणून आम्ही मत दिलं नव्हतं." फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय न्यायालयानं संरक्षण परत आणलं.

ती लढाई मुख्यतः कायद्याच्या शब्दांवर जिंकली गेली, घटनेचा आधार जोडीला होता. पण मला त्यातून दिसलं ते असं, की हक्क घटनेत असला की 'थांबा, आधी मोजू' असं म्हणणाऱ्या खात्याला कोर्टात आपली बाजू सांभाळावी लागते. कधी ते बरं असतं. त्या फेब्रुवारीत मला ते वाईट वाटलं.

इथवरचा धागा एवढाच: हक्क आहे, पण निर्बंधांसकट आहे, आणि त्याचा जोर खात्यावर, आमदारांवर आणि पुढच्या मतपत्रिकेवर पडतो.

आता तुमचं फ्लोरिडाचं कलम. त्याची दोन वाक्यं आहेत. पहिलं असं सांगतं की मासेमारी, शिकार आणि वन्यजीव धरणं, पारंपरिक पद्धतींसह, हा सार्वजनिक हक्क म्हणून कायम जपला जाईल, आणि वन्यजीवांचं जबाबदारीनं व्यवस्थापन व नियंत्रण करण्याचं ते पसंतीचं साधन राहील. दुसरं सांगतं की यामुळे फिश अँड वाइल्डलाइफ कन्झर्वेशन कमिशनच्या अधिकारांवर मर्यादा येत नाही. हे कमिशन स्वतःच घटनेनं उभं केलेलं आहे, १९९८ च्या मतदानानं. परवाने, हंगाम, मर्यादा ठरवते तेच. म्हणजे तुमच्या लायसन्सचं उत्तर त्या दुसऱ्या वाक्यात आहे.

मला खटकतात ते दोन शब्दप्रयोग. एक 'पारंपरिक पद्धती'. यात काय येतं हे कलमात कुठंही सांगितलेलं नाही. फ्लोरिडात १९९४ मध्ये मतदारांनीच घटनादुरुस्ती करून किनाऱ्याच्या पाण्यात मासे अडकवणारी गिलनेट जाळी बंद केली, १ जुलै १९९५ पासून. तुमच्या पश्चिमेला सीडर की नावाचं छोटं बेट आहे, तिथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या याच जाळ्यांनी मलेट, म्हणजे आपली बोय, धरायची. बंदीनंतर त्यांच्यातल्या पुष्कळांना शिंपल्यांच्या शेतीचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि आज ते बेट क्लॅमसाठी, आपल्या तिसऱ्यांच्या जातकुळीतल्या शिंपल्यांसाठी, ओळखलं जातं. एकदा वडिलांना घेऊन जा तिथं. आता प्रश्न असा की गिलनेट ही पारंपरिक पद्धत, मग ती परत येणार का? २०२४ मध्ये विरोधकांनी ही भीती मांडली होती. माझं मत विचाराल तर नाही. जाळ्यांची बंदीसुद्धा घटनेतच आहे, नव्या कलमानं ती रद्द केलेली नाही, आणि एका घटनेतली दोन कलमं कोर्ट एकमेकांशी जुळवून वाचतं; नेमकं बोलणारं कलम मोघम बोलणाऱ्यापुढे सहसा झुकत नाही.

दुसरा शब्दप्रयोग 'पसंतीचं साधन', आणि याची मला जास्त काळजी वाटते. आयडाहोत (२०१२), इंडियाना आणि कॅन्ससमध्ये (२०१६) तो आधीपासून आहे. अस्वलं वस्तीत येऊ लागली तर कचऱ्याचे डबे पक्के करायचे, लोकांना शिकवायचं, की हंगाम उघडायचा? शास्त्रज्ञानं जागा बघून ठरवायची ही गोष्ट आहे. घटनेनं आधीच एका उत्तराकडे बोट दाखवलं की बाकीची उत्तरं मागे पडतात. फ्लोरिडानं २०१५ मध्ये अस्वलाची शिकार उघडली तेव्हा दोन दिवसांत सुमारे ३०० अस्वलं मारली गेली आणि ती लगेच थांबवावी लागली. २०२५ मध्ये कमिशननं पुन्हा हंगामाला मंजुरी दिली, या वेळी खूपच थोड्या आणि मोजून दिलेल्या परवान्यांवर. मोजून दिले हे चांगलं झालं. मोजण्याचा आग्रह पुढेही टिकावा असं मला मनापासून वाटतं.

आता कुंपणाकडे येते. जमिनीत शिरण्याचा हक्क यातल्या कुठल्याच नव्या कलमानं दिलेला नाही. माँटाना आणि आयडाहो यांनी तर स्पष्ट लिहिलंय की यातून खाजगी जमिनीत घुसण्याचा हक्क निर्माण होत नाही. आयडाहोनं शेतीच्या पाण्याच्या हक्कालाही धक्का लागणार नाही असं जोडून घेतलं. बटाट्याच्या शेतकऱ्यांचं राज्य, कालव्याचं पाणी ते कसं सोडतील? फ्लोरिडाच्या कलमात हे वाक्य नाही, म्हणूनच तुमच्या शेजाऱ्यांसारखे अर्थ निघतात. पण वाक्य नाही म्हणून हक्क मिळत नाही. हरीण कुणाच्याच मालकीचं नसतं, राज्य ते सगळ्यांच्या वतीनं सांभाळतं. जमीन मात्र तुमची आहे. हरणाचा परवाना असला म्हणून जमिनीचा परवाना मिळत नाही.

काही राज्यांत याला अपवाद आहेत, पण ते जुने आहेत, या नव्या कलमांतून आलेले नाहीत. व्हर्जिनियात शिकारी दुसऱ्याच्या जमिनीत आपले कुत्रे परत आणायला जाऊ शकतो, बंदूक मात्र बरोबर नेता येत नाही. व्हरमाँटमध्ये कुंपण नसलेली जमीन मुळातच खुली धरतात. बंद करायची तर मालकानं चारशे फुटांच्या आत एकेक पाटी लावायची, दरवर्षी तिच्यावर नवी तारीख घालायची आणि गावच्या क्लार्ककडे नोंद करायची. तुमचं घर तिथं असतं तर माझं उत्तर वेगळं आलं असतं. म्हणून राज्य कोणतं हे आधी विचारावं लागतं.

फ्लोरिडात पाच एकरांपर्यंतच्या, कुंपण आणि घर असलेल्या जागेला पाट्यांची गरज नाही. तुमची दहा एकर आहे, तेव्हा पाट्या लावा: पाचशे फुटांपेक्षा लांब नाही, शिवाय प्रत्येक कोपऱ्यावर, 'नो ट्रेसपासिंग' ही अक्षरं किमान दोन इंची, आणि खाली मालकाचं नाव. नाव लिहायला लोक विसरतात, आणि पाटीतल्या नेमक्या त्या उणिवेवर बचाव पक्षाचा वकील बोट ठेवतो. मी स्वतः ठेवलंय. तुम्ही शेजाऱ्यांना समोरासमोर 'येऊ नका' म्हणालात तरी ती सूचना धरली जाते, पण एक साधा ईमेल करून ठेवा. त्यांना हेही कळू द्या की फ्लोरिडात बंदूक घेऊन विनापरवानगी शिरणं हा गंभीर गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धमकी म्हणून नव्हे, काळजीनं सांगा. आणि जमत असेल तर एक वाट ठेवा: जखमी हरीण आलं तर आधी फोन करा, मी बरोबर येतो, बंदूक गाडीत ठेवा. जखमी जनावर तडफडत राहावं असं चांगल्या शिकाऱ्याला वाटत नाही, तुम्हांलाही वाटणार नाही. अशी दोन ओळींची लेखी परवानगी मी कितीतरी शेजाऱ्यांना लिहून दिलीय आणि त्यातलं एकही प्रकरण माझ्याकडे परत आलेलं नाही.

वाटेचा विषय निघालाच आहे तर ऱ्होड आयलंडचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या सगळ्या हक्कांचा जीव वाटेत अडकलेला असतो. तिथं १८४३ पासून घटनेत किनाऱ्याचे हक्क आहेत. १९८६ मध्ये ते नावं घेऊन लिहिले गेले: किनाऱ्यावरून मासे धरणं, समुद्री शेवाळ गोळा करणं, पोहायला उतरणं, किनाऱ्यानं चालत जाणं. ऐकायला किती छान! पण चालायचं कुठून? १९८२ मध्ये किनारा साफ करणाऱ्या काही माणसांवर घुसखोरीचा खटला झाला होता, आणि कोर्टानं हद्द ठरवली ती भरतीच्या १८.६ वर्षांच्या सरासरीची रेषा. वाळूवर उभ्या माणसाला ती दिसणार कशी? बहुतेक वेळा ती पाण्याखालीच. हक्क घटनेत, आणि पाय ठेवायला जागा नाही, असं चाळीस वर्षं चाललं. शेवटी २०२३ मध्ये कायदा झाला: भरतीनं टाकलेल्या शेवाळाची जी ओळ दिसते, तिच्यापासून जमिनीकडे दहा फूट लोकांसाठी खुले. शेवाळाची ओळ कुणालाही दिसते. एवढ्या साध्या गोष्टीनं तो हक्क जमिनीवर उतरला. माझं ठाम मत आहे की मासे धरणाऱ्यांनी आपली ताकद अशा ठिकाणी लावावी: उतरायची वाट, सार्वजनिक धक्के, स्वच्छ पाणी. कॅलिफोर्नियानं १९१० मध्येच लिहून ठेवलं होतं की राज्यानं मासे सोडलेल्या पाण्यापर्यंत सरकारी जमिनीवरून जाणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदा करता येणार नाही. ते कलम लिहिणाऱ्याला गरवणाऱ्याची अडचण ठाऊक होती.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की भंडाऱ्याकडे मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांवर ढीवरांची मासेमारी लहानपणी पाहिलीत आणि आपल्याकडे असा हक्क का नाही. थोडा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात वनात राहणाऱ्या समूहांना मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उत्पादनांवर सामूहिक हक्क दिलेला आहे. त्याच कलमात पारंपरिक हक्कांतून शिकार आणि सापळे मात्र नाव घेऊन वगळलेत. इथं दोन्ही एका वाक्यात बसवले, आपण मधोमध रेघ ओढली. वाघ-बिबट्यांच्या जिल्ह्यात राहिलेल्या माणसाला त्या रेघेचं कारण सांगायला नको.

आता तुमचा व्हिसा. मासेमारीला नागरिकत्व लागत नाही. फ्लोरिडाच्या पत्त्याचं वैध ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर तुम्ही रहिवासी, वर्षाला गोड्या पाण्याचे १७ डॉलर आणि खाऱ्या पाण्याचे १७. शिकारीचं मात्र जपून. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्यानं बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत, शेजाऱ्यानं हातात दिलेलीसुद्धा. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद आहे. तुमच्यासाठी तो कागद फक्त शिकारीचा राहत नाही, तो संपला की बंदूक बाळगणं हाच गुन्हा होतो. १ जून १९७५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्याआधी शिकार-सुरक्षेचा कोर्स करावा लागतो. ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकत असेल तर यातलं काहीही करण्याआधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. माझा सल्ला विचाराल तर कार्ड हातात येईपर्यंत गळावरच समाधान माना.

आणि वडील. लोक सर्रास चुकतात ते इथं. ६५ वर्षांवरच्यांना लायसन्स लागत नाही हे खरं, पण ते फ्लोरिडाच्या रहिवाशांना. भेटीला आलेले आजोबा सत्तरीचे असले तरी बाहेरचेच. त्यांना तीन दिवसांचं १७ डॉलरला, सात दिवसांचं ३० ला किंवा वर्षाचं ४७ ला घ्यावं लागेल. गोड्या आणि खाऱ्या पाण्याचं वेगवेगळं. पासपोर्ट जवळ ठेवून ऑनलाइन काढता येतं. किंवा ज्या धक्क्याचं स्वतःचं लायसन्स आहे तिथं न्या, मग प्रत्येकाला वेगळं लागत नाही. टँपाजवळचा स्कायवे पियर तसा आहे. मात्र गळाच्या दोरीत पेलिकन अडकून मरायला लागल्यामुळे तिथं हिवाळ्यात अनेक गळांची माळ वापरता येत नाही आणि वर्षातून एकदा एक छोटा ऑनलाइन धडा पूर्ण करावा लागतो. माझ्या बाबांना मी असंच एका धक्क्यावर नेलं होतं तेव्हा त्यांनी पहिला मासा मोजपट्टीवर ठेवून बघितला, अर्धा इंच कमी भरला, तसा हळूच पाण्यात सोडला आणि मला विचारलं की वॉर्डन रोज येतो का.

पाट्या या आठवड्यात लावा. शेजाऱ्यांशी बोलणं झालं की इथंच कळवा, परवानगीच्या त्या दोन ओळी कशा लिहायच्या ते मी सांगेन.